बारमाही पाण्याच्या शोधात अड्याळला

बारा महिने समुद्रात बुडी मारता येईल असं राहण्याचं ठिकाण ठरवायला आम्ही भंडारा जिल्ह्यात गेलो होतो, असं मी मालवणात सांगते तेव्हा लोक माझ्या कपाळाला हात लावून बघतात. भंडाऱ्यातून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र लागायला एक रात्र गाडीत काढावी लागते. पण माझं सासर तिथे आहे. आणि घर हलवायचं तर सासरी विचारायला हवं, असं माझ्या नवऱ्याने, सुमेधने, ठरवलं होतं. विचारायचं म्हणजे सांगायचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आधी आमचा धंदा सांगते. मी मालवणची, गाबिताची, म्हणजे मासेमाराची मुलगी. पर्यटकांना पाठीवर हवेची टाकी देऊन समुद्राखाली फिरवून आणते, म्हणजे स्कूबा डायव्हिंग. सुमेध टाक्यांत हवा भरायचं यंत्र सांभाळतो आणि गरज पडली तर पाण्यातही उतरतो. ऑक्टोबर ते मे आम्हाला जेवायला फुरसत नसते. जून लागला की होड्या वर ओढायच्या आणि चार महिने एकमेकांशी भांडायचं. समुद्र तेव्हा मातीने लालभडक होतो, खाली उतरलं तर स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून गेली दोन वर्षं आम्ही बारमाही पाण्याच्या मागे लागलो होतो. लक्षद्वीपला परवान्यांची भानगड. अंदमानचं पाणी काचेसारखं, पण पावसाळ्यात तिथेही समुद्र खवळतो. पुदुच्चेरीचं गणित मात्र उलटं आहे. आपल्याकडे कोसळत असतो तेव्हा तिकडचा समुद्र बराच शहाण्यासारखा वागतो, आणि वादळं येतात ती दिवाळीच्या सुमारास. तिथल्या एका डायव्हिंगवाल्याला आम्ही दोघंही हवे होतो. श्रावण संपेपर्यंत उत्तर द्या, म्हणाला होता.

सुमेधच्या आईंना आमचा धंदा आवडत नाही. आवडत नाही असं त्या कधी बोललेल्या नाहीत. पाण्याचा विषय निघाला की त्या फक्त उठून चुलीकडे जातात.

जवाहरनगर

बाबा, म्हणजे माझे सासरे, आम्हाला जवाहरनगरच्या फाट्यावर भेटले. ते तिथल्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि अड्याळला, मूळ गावी, राहायला गेले. पण महिन्यातून एकदा तरी काही निमित्त काढून इथे येतातच. सुमेधचं बालपण ज्या क्वार्टरमध्ये गेलं ते मला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. आता तिथे कुणी दुसरं कुटुंब राहत होतं. बाबांनी बाहेरूनच जयभीम घातला, आतल्या बाईने ओळख ना पाळख तरी चहा टाकला, आणि आम्ही त्यांच्याच व्हरांड्यात बसून तो प्यायलो. मला गंमत वाटली. आमच्याकडे अनोळखी माणसाला चहा मिळतो, नाही असं नाही, पण त्याआधी तो कुणाचा कोण याची पार आजोबांपर्यंत चौकशी होते.

कारखान्याची बस कामगारांना सोडून रिकामी परत चालली होती. रुंद रस्ते, एका मापाची घरं, झाडं. सुमेध इथेच अप्रेंटिस होता. यंत्राचा आवाज ऐकून त्याचं काय दुखतंय हे ओळखायला तो इथे शिकला. म्हणून मी या वसाहतीची ऋणी आहे, कारण मी श्वासाला घेते ती हवा त्याच्या हातची असते.

बाबांचं आयुष्य तपासणी विभागात गेलं. अड्याळच्या गाडीत बसल्याबरोबर त्यांनी पुदुच्चेरी तपासायला घेतली. दवाखाना किती लांब? भाषा कोणती? भाडं कोणाच्या नावावर? खोल पाण्याने होणाऱ्या आजारावर इलाज कुठे? सुमेध उत्तरं देत होता आणि बाबा प्रत्येक उत्तराला मान डोलावत होते. शेवटी त्यांनी विचारलं, टाकीतली हवा कोण तपासते? सुमेध म्हणाला, मीच. बाबा म्हणाले, मंग ठीक हाय. अड्याळ येईपर्यंत सासरे आमच्या बाजूला आले होते. राहिल्या होत्या सासूबाई.

अड्याळ

रोवणी उरकत आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताच्या बांध्या पाण्याने भरलेल्या आणि त्यांत नुकतं लावलेलं हिरवं, अजून उभं राहायला शिकणारं. बायका ओळीने वाकलेल्या. आमच्याकडेही भात लावतात, पण आमची शेतं डोंगर उतरत खाली येतात. इथे सगळं सपाट. पाणी कुठे जायचं याचा विचार करत उभं असल्यासारखं वाटतं.

आईंनी मला दारात थांबवून पायांवर पाणी घातलं, बघितलं आणि म्हणाल्या, वाळली. मी मागच्या वेळेपेक्षा चांगली पाच किलोंनी वाढले होते. पण सासूच्या वजनकाट्याशी वाद घालत नाहीत.

जेवायला तरोट्याची भाजी, वांग्यात घातलेले सुके झिंगे म्हणजे आमची सुकट, लाखोळीची डाळ आणि भाताचा डोंगर. दुसऱ्या दिवशी खास माझ्यासाठी तळ्यातली मरळ आणली. मासळीवर वाढलेली सून म्हणून. आता मालवणच्या माणसाला गोड्या पाण्याचा मासा खायला देणं म्हणजे गवयापुढे रेडिओ लावणं. मी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि पहिला घास घेतला. खोबरं नाही, कोकम नाही, तिखटजाळ लाल रस्सा, आणि मासा चक्क गोड. मी तीनदा वाढून घेतलं. आईंनी चौथ्यांदा न विचारता वाढलं.

इथल्या बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून बघितलं होतं, कोण पुरुष बोलतोय म्हणून. आता मला ते आवडतं. आई ‘मी पाहतो’ म्हणाल्या की खरंच कुणीतरी कंबर कसून बघणार आहे असं वाटतं.

सुमेधने दोनदा पुदुच्चेरीचा विषय काढला. दोनदा आई उठून चुलीकडे गेल्या. चुलीवर काही नव्हतं.

पवनी

तिसऱ्या दिवशी त्या आपण होऊन म्हणाल्या, चल, तुले पवनी दाखवतो. सुमेधला येऊ दिलं नाही.

पवनी जुनं गाव, वैनगंगेच्या काठी. टेकडीवरच्या स्तूपाच्या विटा आम्ही बघितल्या. आईंनी चपला काढल्या, हात जोडले, एका विटेवरचं वाळलेलं पान उचलून बाजूला ठेवलं. त्या विटा कोणी रचल्या असतील, तेव्हा नदी कुठून वाहत असेल, असे माझे प्रश्न सुरू झाले. आई म्हणाल्या, हे सारं बाबाइले विचार, ते रात्रभर सांगतीन.

मग आम्ही पाण्याकडे गेलो. खाली गोसेखुर्दचं धरण झाल्यापासून इथे नदी नदीसारखी राहिलेली नाही. पसरली आहे. पलीकडचा काठ पावसाच्या पडद्यात हरवला होता. आईंनी हात लांब करून एक जागा दाखवली, जिथे मला नुसतं पाणीच दिसत होतं. त्यांचं माहेर तिथे होतं.

हे मला माहीत होतं, पण नुसतं ऐकून. बुडालेलं अख्खं गाव. माझ्यातली डायव्हर जागी झाली. किती खोल असेल? घरं अजून उभी असतील का? उन्हाळ्यात पाणी निवळत असेल का? मी विचारत सुटले. आईंनी शांतपणे उत्तरं दिली. घरं कशी राहतील, दारं, छपराचे कवेलू, लाकडाच्या नाटा, सारं काढून बैलगाडीनं नेलं.

“विहीर तेवढी हाय,” त्या म्हणाल्या. “विहीर कशी नेतीन?”

पाण्याच्या तळाशी पाण्याने भरलेली विहीर. मी त्या जागेकडे बघत राहिले. पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता आणि तो मी गिळला, कारण आईंचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. परतताना त्यांनी मला गरम आलुबोंडा घेऊन दिला आणि स्वतः काही खाल्लं नाही.

तलाव

तर आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

मी पाण्याशिवाय पाच दिवस राहू शकत नाही. अड्याळच्या अलीकडे, पवनी-भंडारा रस्त्याला लागून, एक जुना तलाव आहे. कमळांनी अर्धा झाकलेला. येताना गाडीतूनच माझा जीव त्याच्यात अडकला होता. टाकी आणली नव्हती, पण काळा रबरी सूट, चष्मा, नळी आणि पायांचे पंख मी सासरीही घेऊन जाते, जशी बाकीच्या सुना चांगली साडी नेतात. तलावात मासे सोडणाऱ्या सोसायटीतले नान्हेकाका सुमेधच्या ओळखीचे. त्यांची परवानगी घेतली. ते म्हणाले, बीज सोडलेलं हाय, लय घुसळू नका, अन् कमळाच्या देठाईत पाय गुतवू नका. मग आपल्या जाळ्याच्या कामाला निघून गेले. सुमेधने माझ्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं टोक हातात धरून पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या काठावर, उभा राहिला. अनोळखी, गढूळ पाण्यात आम्ही दोराशिवाय उतरत नाही.

दिसलं काय? जवळजवळ काहीच नाही. कोऱ्या चहासारखं पाणी, आणि त्यात हात लांब केला तर बोटं गायब. पण कळलं पुष्कळ. वरचं पाणी कोमट, गुडघ्याखालचं थंड, मधे अगदी हात ठेवता येईल अशी सीमा. कमळाचे देठ खालून वर गेलेले, खरखरीत, एकामागून एक, आणि मी त्यांच्यातून हळूहळू सरकतेय. एक मासा पोटाला आपटून गेला, बहुधा माझ्याइतकाच दचकून. तळाशी बोट घातलं तर चिखल लोण्यासारखा मऊ. समुद्रात कान कधी रिकामे नसतात, सारखी किटकिट चालू असते. इथे एकदम शांत. मी परत परत खाली गेले. पाऊस भुरभुरत होता तो आतून ऐकायला फार छान वाटतं. एकदा वर आले तेव्हा रस्त्यावरून एसटी चालली होती, आणि ती पाळीपाशी चक्क थांबून मग पुढे गेली. मी हात हलवला. होडीतल्या पर्यटकांना हलवायची सवय. कोणीच हलवला नाही.

मन भरल्यावर बाहेर आले, सूट काढून कोरडे कपडे घातले, आणि आम्ही दोघं शेतांच्या बांधावरून रमतगमत घरी निघालो. वाटेत सुमेध म्हणाला, आज आईशी बोलतोच. मी म्हटलं, बोल.

परत घरी

अंगणात बायका बसल्या होत्या. दहाबारा तरी. ओसरीच्या खांबाला टेकून आई बसल्या होत्या, पदर डोक्यावर, डोळे कोरडे. बाबा घरात नव्हते. आणि दारातल्या पायरीवर झाकण घातलेलं एक मोठं भगुणं होतं.

ते भगुणं मी ओळखलं. हे आमच्याकडेही आहे. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, मग शेजारपाजारचे भात शिजवून आणतात. कडू घास म्हणतात त्याला. माझ्या मनात पहिलं आलं ते, बाबा. मी धावत अंगणात शिरले.

अंगणातली एक म्हातारी मला बघून मागे सरकली आणि तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. पंजे पुढे आहेत की मागे, ते. मग शेजारच्या कमलाबाई तोंडावर हात धरून खालीच बसल्या. आई उठल्या, जवळ आल्या, माझा हात मनगटाजवळ धरला आणि सोडला नाही.

काय झालं होतं ते हळूहळू उलगडलं. वैनगंगेत कोणी बुडालं की शोधायला माणसं येतात. काळ्या रबरी कपड्यांत, कमरेला दोर बांधून. या भागात त्या कपड्यांचा अर्थ तेवढा एकच. मजेखातर कोणी ते घालत असेल हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. एसटीतल्या लोकांनी पाळीवर दोर धरून उभा असलेला सुमेध ओळखला. तो चेहऱ्यावरचा पाऊस पुसत होता, त्यांना वाटलं रडतोय. नवरा काठावर रडतोय, काळ्या कपड्यातलं माणूस पाण्यात शोधतंय, बायको कुठे दिसत नाही. गाडी अड्याळच्या थांब्यावर पोचली तेव्हा मी पक्की बुडाले होते. मालवणची सून तळ्यात गेली. बाबा सायकल घेऊन तिकडे धावले आणि रस्त्याने गेले, आम्ही बांधावरून आलो. कमलाबाईंच्या चुलीवर रोवणीच्या बायांसाठी भात शिजतच होता. त्यांनी तोच उचलला आणि आल्या. भगुणं पायरीवर ठेवून त्या बसल्या. आईंना बातमी कोणी सांगितलीच नाही. भातानेच कळलं.

बाबा घामाघूम होऊन परतले. मला बघितलं, सायकल भिंतीला लावली, आणि मोठ्या आवाजात मला झापलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मी इतकी रडले की कमलाबाईंनाच मला पाणी द्यावं लागलं.

मग अडचण भाताची. मेलेल्या माणसासाठी आणलेला भात, आणि मेलेलं माणूस समोर उभं. परत न्यायचा की ओतायचा? म्हातारीचं मत, गाईला घाला. बाबांनी अशा गोष्टी कधी मानल्या नाहीत, पण तेही भगुण्याकडेच बघत होते. आईंनी झाकण काढलं, ताटं मांडली आणि म्हणाल्या, आणला हाय तं खा. सगळ्या बायकांना बसवलं. माझ्यासाठी आलेला कडू घास मी माझ्या हाताने खाल्ला, वरून कांदा घेऊन. भूक सपाटून लागली होती. दुसऱ्या ताटाला कमलाबाई हसायला लागल्या आणि मग सगळंच अंगण हसायला लागलं. आई हसल्या नाहीत.

बायका गेल्या. दिवेलागण झाली. सुमेध चाचपडत म्हणाला, आई, पुदुच्चेरीचं. या वेळी त्या उठल्या नाहीत.

“तिथं असं झालं तं भात कोण आणन?” त्यांनी विचारलं.

सुमेध म्हणाला, काही होत नाही आई, आम्ही सगळं तपासून उतरतो.

“नाही होत तं नाही. मी विचारून राहिलो, कोण आणन?”

मग त्याच बोलल्या, कुणाकडेही न बघता. “आमचं गाव उठलं तं नव्या गावठाणात चिठ्ठ्या टाकून प्लॉट देले. बाजूले कोण, मांगं कोण, काहीच ठाव नाही. घर बांधून होत नाही तं माहा बाप गेला. सांज झाली, चूल नाही पेटली, अन् भातही नाही आला. लोक वाईट नव्हते. त्याइले मालूमच नव्हतं का या घरी कोणी गेलं म्हणून.”

बाबांनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत त्यांनाही हे असं पूर्ण कधी ऐकायला मिळालं नसावं.

मी दोन वर्षं ठिकाणं जोखत होते. पाणी किती नितळ, किती कोमट, प्रवाह कसा, वर्षातले किती महिने बंद. पुदुच्चेरीची ती गल्लीसुद्धा आम्ही जाऊन बघून आलो होतो. तिथे मला फक्त घरमालकाचा फोन नंबर माहीत होता, तोही भाड्यासाठी. मालवणात मला काही झालं तर कुणाच्या घरून काय येईल हेसुद्धा मी सांगू शकते, कुणाच्या भातात मीठ जास्त असेल तेही. मला फार लाज वाटली आणि थोडी भीतीही. आईंशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, अजून तिथे कोणी नाही.

“मंग खरं बोलली,” आई म्हणाल्या आणि भगुणं घासायला घेऊन गेल्या.

त्यांनी नको म्हटलं नाही. निघायच्या दिवशी तांदूळ बांधून दिले, सुकट दिली, सुमेधच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, पोचल्याचा फोन नको करू. शेजारीण जोडली का मंग कर.

मालवणचं घर आम्ही सोडलेलं नाही. उरलेल्या पावसाळ्यापुरते पुदुच्चेरीला गेलो. पाणी खरंच चांगलं होतं, पहिल्याच दिवशी कासव दिसलं, आणि मला कोणालातरी सांगायचं होतं, पण फोन करायची परवानगी नव्हती. शेजारच्या घरात एक माझ्याच वयाची बाई होती. तिला हिंदी येत नव्हती, मला तमिळ. चार दिवस आम्ही नुसत्या हसत होतो. पाचव्या दिवशी मी अड्याळचे तांदूळ शिजवले, त्यावर सुकटीचं कालवण घातलं, डबा तिच्या दारात नेऊन दिला आणि घाबरून लगेच परत आले. संध्याकाळी ती डबा घेऊन आली.

मी आईंना फोन केला. शेजारणीचं नाव सेल्वी, म्हणून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, डबा रिकामा तं नाही धाडला तिनं?

मी म्हटलं, नाही आई. इडल्या होत्या.

“मंग राहा तिथं,” त्या म्हणाल्या.